परवाना कुणाचा अडेल?

आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला दत्तक मूल हवं होतं. गृहभेटीला बाई नागावच्या घरी आल्या, मिळकत विचारली, दुखणीखुपणी विचारली, आणि मागच्या वाडीत जाऊन विहिरीवर जाळी का नाही म्हणाल्या. जाळी बसली. त्याच विहिरीचं पाणी भरणाऱ्या चुलत घरात त्या वर्षी बाळ झालं. तिथे कुणीही काही विचारलं नाही.

विसंगती खरी आहे. ह्यू लाफोलेट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० साली तिच्यावरच बोट ठेवलं होतं: गाडी हाकायला परवाना लागतो, दत्तक घेणाऱ्यांची तपासणी होते, मग जन्मदात्यांनाच सूट का? आपली दत्तकाची चाळण तर बरीच बारीक आहे. २०२२च्या नियमावलीनुसार संसाराला किमान दोन वर्षं झालेली हवीत. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५च्या वर चालत नाही. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून आदेश देण्याचं काम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. रायगडातल्या संस्थेतलं मूल असेल तर कागद अलिबागला सहीला जातो. परदेशस्थ भारतीयांनाही यातून सुटका नाही.

मला ही चाळण मान्य आहे. ते मूल आधीच सरकारच्या पदरात असतं, आणि दुसऱ्याच्या पदरात घालताना चौकशी करणं हे सरकारचं कर्तव्यच. पोटातलं मूल सरकारने कुणाला दिलेलं नसतं. तिथे आई-बाप व्हायचा परवाना नाकारला तर पुढे काय करणार? गर्भपात, नसबंदी, की बाळंतिणीच्या कुशीतून मूल उचलणं? ही कल्पनेची भीती नाही. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी, असं विधेयक १९७६ साली आणीबाणीत महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते बारगळलं. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने!

आणि अडणार कोण? दिवाळी सरली की रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्या रिकाम्या होतात. उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आई-बाप विटा पाडत असतात, तान्हं झोळीत, आणि झोका द्यायला सहा-सात वर्षांची थोरली. तिची शाळा गावाकडे राहिलेली. यातल्या अनेकांकडे जन्माचा दाखला नाही, जातीचा नाही. परवान्याच्या अर्जाला पहिले तेच जोडावे लागतील. उत्पन्नाच्या रकान्यात त्यांनी काय लिहायचं, फिटायची राहिलेली उचल? उलट बायकोपोरांवर हात टाकणारा एखादा पदवीधर बंगलेवाला सगळे दाखले फाइलला लावून पहिल्या फटक्यात पास होईल. त्याचा हात कुठल्या अर्जात दिसतो?

मग पोरांचे हाल बघत बसायचं का, असं कुणी विचारेल. नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, जिल्ह्याला बालकल्याण समिती असते. त्यांना माणसं द्या, पैसे द्या. आणि आगाऊ परवान्याचीच हौस असेल, तर धंद्यासाठी भट्टी लावणाऱ्या मालकाला मातीसाठी महसूल खात्याची परवानगी काढावी लागतेच. मजुरांच्या पोरांसाठी सावलीची जागा आणि पाळणाघर कुठे आहे, हे त्याला त्या अर्जावर विचारा.