विश्लेषण : पावसाचा अंदाज आणि कम्पायलरचे ‘फ्लॅग’, वेग हवाच, पण किती?

लोणावळ्यात धो धो कोसळत असताना सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या वडगाव मावळात नुसती भुरभुर, हे पावसाळ्यात नेहमीचेच. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. घाटमाथ्यावर नेमका किती आणि कधी पाऊस पडेल, हा प्रश्न इथे जिवाशी निगडित आहे. त्याचे गणित पुण्यातील पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये मांडले जाते. 26 मे 2025 रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 12 ऐवजी 6 किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात आणि आकडेमोड त्याहूनही वाढते.

फ्लॅग म्हणजे काय?

हवामानाची प्रारूपे मुख्यतः फोरट्रान भाषेत लिहिलेली असतात. ती प्रोसेसरला समजेल अशा सूचनांत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कम्पायलर आणि त्याला दिलेली तंबी म्हणजे फ्लॅग. कुठला प्रोसेसर आहे हे सांगितलेच नाही, तर कम्पायलर साधारणपणे जुन्यात जुन्या प्रोसेसरवरही चालेल असा बेताचा कोड देतो. ‘मार्च’ फ्लॅगने नेमका प्रोसेसर सांगितला, तर एका सूचनेत दोनऐवजी चार मोठ्या दशांश संख्यांवर काम होऊ शकते. महासंगणकावर हा फरक थोडाथोडका नाही.

यंत्र बदलले की पंचाईत होते. आयआयटीएमचा 2018 मधील ‘प्रत्युष’ इंटेलच्या प्रोसेसरवर होता, तर 2024 मधील ‘अर्का’ एएमडीच्या. इंटेलच्या कम्पायलरला ‘एक्स’ने सुरू होणारा प्रोसेसर-फ्लॅग दिला, तर तयार झालेला प्रोग्राम एएमडीवर सुरूच होत नाही, ‘मार्च’ दिला तर चालतो. ‘मार्च’ला ‘नेटिव्ह’ जोडणे सोपे वाटते, पण तो कम्पाइल करणारे यंत्र पाहतो, प्रोग्राम चालवणारे नव्हे. दोन्हींत फरक असला की प्रोग्राम मध्येच कोसळू शकतो. हा दोष निदान दिसतो तरी.

न दिसणारा धोका

नव्या प्रोसेसरात गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत होते आणि उत्तर दोनदा न गोळाबेरीज करता एकदाच केले जाते. शेवटचा अंक बदलतो. ‘फास्ट-मॅथ’ तर बेरजांचा क्रमही बदलू देतो. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1961 मध्ये 0.506127 ऐवजी 0.506 भरले आणि पुढचे सगळे हवामान बदलले, हे इथे आठवावे.

यावर युक्तिवाद असा होतो, की हवामानतज्ज्ञ एकाच अंदाजाच्या अनेक आवृत्त्या मुद्दाम थोडे आकडे बदलून चालवतातच. मग शेवटच्या अंकाचे काय एवढे? युक्तिवाद अर्धाच खरा आहे. तो बदल ठरवून केलेला असतो, नोंदलेला असतो. फ्लॅगमुळे आलेला बदल नोंदीत नसेल, तर घाटमाथ्यावरचा पाऊस चुकल्यावर दोष भौतिकशास्त्राचा, नव्या यंत्राचा की कम्पायलरचा, हे शोधणे अशक्य होते.

म्हणून ‘मार्च’मध्ये कंजुषी नको, वेग मिळवण्याची ती हक्काची जागा आहे. ‘फास्ट-मॅथ’ मात्र मागच्या काही पावसाळ्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय रोजच्या अंदाजाला लावू नये. आणि सार्वजनिक पैशांतून चालणाऱ्या प्रत्येक प्रारूपासोबत कम्पायलरची आवृत्ती व फ्लॅगची यादी प्रसिद्ध व्हावी. चार ओळींचे काम आहे ते.