आंबट वाईन आणि पहाटेची साखर

दिवाळीला परदेशातून मुले-सुना घरी येतात, तेव्हा बॅगेतून चॉकलेटांबरोबर कधीकधी वाईनची एखादी बाटलीही निघते. माझे एक रुग्ण, निवृत्त मुख्याध्यापक, वय ७४. ऑकलंडहून आलेल्या त्यांच्या मुलाने मार्लबरोची सॉव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी वाईन आणली होती. घरात वाईनचे ग्लास कुठले? सरबताचे काढले. ‘लिंबाच्या सरबतासारखीच लागते की’ असे म्हणत सरांनी दोन ग्लास घेतले. मग भूक राहिली नाही, म्हणून ते न जेवताच झोपले. रात्रीची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र घेऊन झाली होती.

पहाटे चारला ते असंबद्ध बरळू लागले. अंग घामाने भिजले होते. मुलगा म्हणाला, ‘चढली असेल, झोपू द्या.’ सूनबाईंनी तेवढ्यात ग्लुकोमीटर लावला. साखर ४६ होती.

मार्लबरो हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा ईशान्य कोपरा. तिथल्या वायराऊ खोऱ्यात १९७३ साली आधुनिक द्राक्षलागवड सुरू झाली आणि आज त्या देशाची बहुतांश वाईन याच प्रदेशात होते. दिवसा लख्ख ऊन, रात्री समुद्राजवळचा गारवा. त्यामुळे द्राक्षे सावकाश पिकतात, त्यांत साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. आंबवताना साखरेचा मद्यार्क होतो, आम्ल मात्र उरते. त्यात ही वाईन थंडगार करून पितात. जिभेला आम्ल आणि गारवा तेवढा कळतो. मद्यार्काची जाणीवच होत नाही. पेय उत्तम आहे, यात शंका नाही. ते सौम्य मात्र नाही.

हिशेब पाहा. या वाईनमध्ये साधारण १३ टक्के मद्यार्क असतो. सरबताचा २०० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे सुमारे २० ग्रॅम मद्यार्क, अर्थात व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा पेग. सरांनी असे दोन घेतले. व्हिस्कीचे दोन पेग त्यांच्यापुढे कोणी ठेवले असते, तर त्यांनी हातही लावला नसता! न्यूझीलंडमध्ये विकल्या जाणाऱ्या बाटलीवर तिच्यात किती ‘स्टँडर्ड ड्रिंक’ आहेत, हे छापलेले असते. तिथे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क. तो आकडा चष्मा लावून वाचावा.

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, म्हणून तेवढ्याच मद्याने रक्तातील मद्यार्क तरुणापेक्षा अधिक चढतो. झोपेची गोळी सोबत असेल, तर रात्री न्हाणीघराकडे जाताना पडण्याचे भय वेगळेच. मधुमेहींची गंमत अशी, की ‘आंबट आहे, गोड नाही’ म्हणून ते निर्धास्त असतात. या वाईनमध्ये साखर थोडीच असते, हे खरे. पण इथे धोका साखर वाढण्याचा नसून उतरण्याचा आहे. उपाशीपोटी रात्रभर यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडत असते. मद्यार्क ते काम अडवतो, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी त्याच वेळी इन्सुलिन वाढवत राहते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनाही हाच धोका.

उतरलेली साखर आणि चढलेली दारू बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून घरच्यांनी तर्क न करता आधी साखर तपासावी. ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. या गोळीचा परिणाम तासन्‌तास राहतो. बरे वाटले तरी साखर पुन्हा उतरू शकते. सरांनाही दिवसभर सलाईनवर ठेवावे लागले.

एक चूक माझीही. ‘दारू घेता का?’ असे मी सरांना दरवर्षी विचारत आलो. ते ‘नाही’ म्हणत, आणि ते उत्तर प्रामाणिक होते. वाईनला ते दारू समजतच नव्हते. आता मी वाईन, बिअर, द्राक्षासव अशी नावे घेऊन विचारतो. परवा तपासणीला आले तेव्हा सर हळूच म्हणाले, ‘डॉक्टर, फ्रीजमध्ये निम्मी उरली होती. सुनेने भाजीत घातली.’