विहारांची कुलुपे उघडा!

कळंब्याचे नाव काढले की कोल्हापूरकरांना दोन गोष्टी आठवतात. एक कळंब्याचा तलाव आणि दुसरे तिथले मध्यवर्ती कारागृह. तलावाचे पाणी शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले, पण कारागृहाच्या दरवाजापर्यंत कोणाची पोरे पोहोचतात, याचा विचार शहर करीत नाही. वकिलीच्या निमित्ताने आम्हाला तो करावाच लागतो. वकीलपत्रावर सही घेताना आपल्याच वस्तीतला विशी-बाविशीचा पोरगा अंगठा पुढे करतो. शाळेत गेला नाहीस का, असे विचारले तर म्हणतो, ‘आठवीपर्यंत गेलो की साहेब.’ आठ वर्षे हजेरीपटावर नाव होते, दरवर्षी वरच्या वर्गात ढकलला गेला आणि आज त्याला स्वतःवरचे आरोपपत्र वाचता येत नाही! २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर ४ कैद्यांपैकी ३ कच्चे कैदी आहेत. त्यांत दलित, आदिवासी आणि मुस्लिमांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे.

या पोराला शाळेने काय दिले, हा प्रश्न आहेच. पण शाळा सुटल्यावर त्याला काय मिळाले, हा प्रश्न आपण विचारतच नाही. शाळा दिवसाचे पाच-सहा तास असते. उरलेल्या वेळात प्रस्थापितांच्या घरातले मूलही शिकतच असते. घरात पुस्तकांचे कपाट असते, आजोबा वर्तमानपत्र वाचून दाखवतात, मामा बँकेत साहेब असतो, जेवताना अर्ज, परीक्षा, नोकरी हेच विषय निघतात. या शिक्षणाला फी नाही, हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही. मात्र दहावीच्या निकालात ते उमटते, आणि मग त्यालाच ‘गुणवत्ता’ म्हणून आपल्या तोंडावर फेकले जाते! आपल्या पोराच्या वाट्याला त्या वेळात एका खोलीत सहा माणसे, मोठ्याने लावलेला टीव्ही, नाहीतर कोपऱ्यावरचा कट्टा येतो.

आमच्या महापुरुषांनी हे नेमके ओळखले होते. जोतीराव फुले यांनी १८५५ साली रात्रशाळा काढली, कारण राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी शाळा तर काढल्याच, पण त्यांचा खरा भर बोर्डिंगांवर होता. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झाले. खेड्यातल्या पोराला तिथे नुसती झोपायला जागा मिळाली नाही. दिव्याखाली सोबतीने वाचणारी भावंडे मिळाली. याच मातीत १९२० साली माणगाव परिषद झाली.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. शाळेने त्यांना वर्गात वेगळे बसवले. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले, पुस्तके दिली आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बागेतल्या त्या बाकावर भावी धम्मक्रांतीचे एक बीज पडले, असे म्हणायला काय हरकत आहे? पुढे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करताना बाबासाहेबांनी वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासमंडळे यांना उद्दिष्टांत स्थान दिले. १९२५ साली सोलापूरचे वसतिगृह उभे राहिले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले आणि तरुण जुगार-दारूपासून दूर राहावेत म्हणून हॉकी क्लबसुद्धा निघाला! शाळेबाहेरचा वेळ कोण ताब्यात घेतो, यावर पिढीचे भवितव्य ठरते, हे त्यामागचे सूत्र होते.

इथे एक सावधगिरीचा इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. ‘शाळेबाहेरचे शिक्षण’ हे शब्द सरकारलाही फार आवडतात. १९७९-८० पासून देशात अनौपचारिक शिक्षणाची केंद्रे निघाली. शाळेत न जाणाऱ्या मुलांना रोज दोन तास, तुटपुंज्या मानधनावरचा शिक्षक. श्रीमंताला शाळा आणि गरिबाला केंद्र! राज्यघटनेत २००२ साली कलम २१-क आले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला, तेव्हा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळेची शाळा हा हक्क ठरला. तरीही २०१७ साली कमी पटाचे कारण देऊन राज्यातल्या १,३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ साली समूहशाळांचे प्रस्ताव मागवण्यात आले. शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्यासाठी. आजचे राज्यकर्ते शाळा बंद करतात ते खर्च वाचवण्यासाठी. हा फरक समाजाने ओळखला पाहिजे. विहारातला अभ्यासवर्ग ही शाळेची जागा घेणारी गोष्ट नव्हे. शाळा हा आमचा हक्क आहे. अभ्यासवर्ग ही आमची चळवळ आहे. एकाच्या नावाखाली दुसरे सोडायचे नाही.

पण चळवळीची बाजू आपण किती सांभाळली? आज वस्तीवस्तीत विहारे आहेत. संगमरवरी फरशा आहेत, सुंदर बुद्धमूर्ती आहेत. वंदना झाली की दाराला कुलूप! जयंतीला डॉल्बीसाठी दीड-दोन लाखांची वर्गणी जमते आणि ट्यूबलाईटच्या बिलासाठी कोणी पुढे येत नाही. जिथे अभ्यासिका आहेत तिथे स्पर्धा परीक्षेची मुले मान खाली घालून बसतात. चौथीतल्या मुलीला मोठ्याने वाचायला तिथे जागा नसते.

प्रत्येक विहार रोज संध्याकाळी दोन तास उघडा राहिला पाहिजे. कॉलेजच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस लहानांना द्यावा. निवृत्त कर्मचाऱ्यांनी वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन घ्यावे. महिन्यातून एकदा वकिलाने सातबारा, एफआयआर, जातपडताळणीचा अर्ज कसा वाचायचा ते शिकवावे. आम्ही स्वतः त्यासाठी यायला तयार आहोत. कोणते मूल शाळेत गेले नाही याची नोंद विहारात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटावे. पैशाची अडचण सांगू नका. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब मागा. आणि हे लक्षात ठेवा की भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला. पुस्तकाची परंपरा आपल्याला कोणाकडून उसनी आणायची नाही.

कळंब्याच्या कारागृहाच्या कुलपाची चावी आमच्या हाती नाही. त्यासाठी न्यायालयात तारखांमागून तारखा घ्याव्या लागतात. विहाराची चावी मात्र आपल्याच कार्यकर्त्याच्या खिशात आहे. ती आज संध्याकाळीच बाहेर निघावी. जयभीम!