दारूचा प्रश्न दवाखान्यात विचारला गेला पाहिजे

दारूच्या प्रश्नावर आपल्या चळवळीत दोन भूमिका नेहमी मांडल्या जातात. दारूबंदी झालीच पाहिजे, ही एक; आणि शोषणाची व्यवस्था बदलल्याखेरीज श्रमिकाचे व्यसन सुटणार नाही, ही दुसरी. दोहोंत तथ्य आहे. परंतु जो माणूस आज दारूपायी आजारी आहे, त्याचे आज काय करावयाचे, याचे उत्तर दोहोंतही नाही. ते उत्तर काही अंशी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात आहे, असे माझे मत आहे.

वटार, गास, भुईगाव, निर्मळ हा वसईचा पश्चिम पट्टा घ्या. वाडीत भाजी-फुले पिकवणारा शेतकरी असो की नालासोपाऱ्याला पहाटेची लोकल पकडणारा कामगार असो, 'मला दारूचा त्रास आहे' असे सांगत कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. तो जातो पित्तासाठी, झोप लागत नाही म्हणून, हात थरथरतात म्हणून, वाढलेल्या रक्तदाबासाठी, पडून झालेल्या जखमेसाठी. त्याला गोळ्या मिळतात, प्रसंगी सलाईन मिळते. दारूचा विषय बहुधा निघतच नाही. निघालाच तर 'दारू सोडा' या दोन शब्दांत संपतो. यात डॉक्टरला दोष देऊन भागणार नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राला मिळतात जेमतेम काही आठवडे. आणि रुग्णाला न दुखावता कसे विचारावे, हे तर क्वचितच शिकवले जाते.

वास्तविक हे शास्त्र अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 च्या दशकात दहा प्रश्नांची एक चाचणी तयार करवून घेतली. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, त्यापायी काम चुकले का, इजा झाली का, असे साधे प्रश्न. 0 ते 40 गुण. त्यावरून पिण्याचे प्रमाण घातक झालेला माणूस आणि पूर्ण व्यसनाधीन झालेला माणूस यांच्यात फरक करता येतो. पहिल्याला थोडक्यात पण नीट केलेले समुपदेशन पुष्कळदा उपयोगी पडते. दुसऱ्याला औषधोपचार लागतात, कारण अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. म्हणजे 'उद्यापासून बंद' हा सद्हेतूने दिलेला सल्लाही अज्ञानामुळे घातक ठरू शकतो.

मात्र डॉक्टरच्या हाती कागद दिला म्हणजे काम झाले, असे नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेला आणि 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबतीत उद्बोधक आहे. घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांपैकी निम्म्यांच्या बाबतीत डॉक्टरांना चाचणीचा निकाल व मार्गदर्शिका देण्यात आली. उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज स्थानिक समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार भेटी मिळाल्या. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी घातक मद्यपानातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 26 टक्के, तर दुसऱ्या गटात 36 टक्के होते. जे पीतच राहिले त्यांचे प्रमाण मात्र विशेष घटले नाही. हा चमत्कार नव्हे. पण गरिबाच्या दारात, अल्प खर्चात झालेले हे काम आहे.

केंद्र सरकारने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळतो. याउलट महाराष्ट्र शासनाने जून 2025 मध्ये मद्यावरील कर वाढवला, तेव्हा वर्षाला 14 हजार कोटींच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा बोलून दाखवली. कर वाढवण्यास माझा विरोध नाही. किंमत वाढली की नव्याने पिणारे कमी होतात. पण ज्याला व्यसन जडले आहे त्याची मागणी किमतीने सहजी घटत नाही. घटते ते त्याच्या घरचे दूध आणि मुलांच्या वह्या. त्या घरातून उचललेल्या पैशातला काही भाग त्या घराच्या उपचारासाठी परत देणे हा उपकार नव्हे, ती परतफेड आहे.

कोणी म्हणेल, यामुळे सामाजिक प्रश्न वैयक्तिक आजार ठरेल. तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. चंद्रपुरात 2015 साली दारूबंदी आली आणि 2021 साली उठली. कायदा आला तेव्हाही रुग्ण होते, गेला तेव्हाही आहेत. 'बाटली आडवी' करण्यासाठी मतदानाला उभ्या राहणाऱ्या भगिनींनाही शेवटी घरातल्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न उरतोच.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. एक, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना जे निरंतर शिक्षण घ्यावेच लागते, त्यात या विषयाचा समावेश व्हावा. गरीब वस्त्यांत ज्यांच्यावर भिस्त आहे त्या आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही तेच प्रशिक्षण मिळावे. दोन, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व नागरी दवाखान्यात पगारी समुपदेशक असावा. हे ओझे आशाताईंच्या तुटपुंज्या मानधनावर टाकू नये. तीन, मद्यावरील कराचा ठरावीक हिस्सा यासाठी अंदाजपत्रकात राखून ठेवावा.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या दवाखान्यात जाऊन एवढे विचारावे: येथे रुग्णाला दारूविषयी कोण विचारते आणि त्यापुढे त्याला कोठे पाठवले जाते? उत्तर न मिळाल्यास आंदोलनाचा मुद्दा मिळाला, असे समजावे.