डोळे बरे होते, दिवे मंद होते

गेल्या नोव्हेंबरात एक लग्न आटोपून आम्ही कोल्हापूरहून परतत होतो. गाडी अब्बा चालवत होते, मी शेजारी आणि अम्मी मागे. मगरिबनंतर आंबा घाट लागला. एका वळणावर रस्त्याच्या कडेने एक माणूस सायकल हाताने ढकलत चालला होता. तो दिसला तेव्हा जेमतेम दहा पावलांवर होता. अब्बांनी करकचून ब्रेक दाबला. अल्लाहने वाचवले. साखरपा येईपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

घरी आल्यावर मात्र सगळेच बोलले. दुबईहून भाईजानचा फोन आला, "अब्बा, आता वय झालं. रात्रीची गाडी बंद." मीही त्याच्या हो ला हो मिळवली. अब्बा 71 वर्षांचे, आदल्याच वर्षी मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचे सांगितले होते, पण ते कुणालाच आठवले नाही. अब्बांनी किल्ली निमूटपणे खिळ्याला टांगली. संध्याकाळी फुफूकडे जाऊन बसायचे, तेही बंद झाले.

नाताळच्या सुट्टीत मी माहेरी होते. एका रात्री अम्मीचे औषध आणायला मीच गाडी काढली आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो मला घाम फुटला. समोरचे काही दिसत नव्हते. तेव्हा घाटातली ती गोष्ट आठवली. तो सायकलवाला मलाही दहा पावलांवरच दिसला होता, आणि माझ्या डोळ्यांना तर काही झालेले नव्हते!

सकाळी दिवे नीट पाहिले. दोन्ही काचा पिवळट, धुरकट. आपण 'काच' म्हणतो, पण हल्लीच्या गाड्यांना तिथे काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. जुन्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती, म्हणून ते पिवळे पडत नसत. या प्लॅस्टिकवर कारखान्यात एक संरक्षक थर दिलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो काही वर्षांत झिजतो आणि मग खालचे प्लॅस्टिक पिवळे पडू लागते. आमची गाडी अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभी असते, त्यामुळे तिची उजवी बाजू दक्षिणेला येते. उजवाच दिवा जास्त खराब होता. अशा काचेतून प्रकाश सरळ जात नाही, विखुरतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त जातो. म्हणून जास्त वॅटचा बल्ब बसवून काही साधत नाही, उलट समोरच्याला त्रास वाढतो.

गॅरेजवाल्याने दोन्ही दिवे बदलायला सांगितले, जोडीचे नऊ हजार. माझ्या धाकट्याने टूथपेस्ट घासून पाहिली. काच चमकली, पण तीन आठवड्यांत होती तशी झाली. डास पळवण्याचा स्प्रे किंवा थिनर लावण्याचे सल्लेही मिळाले. तसले काही लावू नका, प्लॅस्टिक मऊ पडते, त्याला बारीक तडे जातात.

शेवटी रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर आणला, 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचा. आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक. त्याआधी एक पाहून घ्या, धुके बाहेरून आहे की आतून. आत पाणी साचत असेल तर घासून उपयोग नाही, दिव्याचे रबर तपासावे लागते. आमचे बाहेरचेच होते. दिवा थंड असताना साबणाने धुतला आणि भोवतीच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून मास्किंग टेपचे दोन थर लावले. मग पेपर आणि काच दोन्ही सतत ओले ठेवून 800 ने आडवे घासले. पिवळट पाणी वाहू लागले. पाणी पांढरे येईपर्यंत घासायचे. इथे काच आधीपेक्षाही वाईट, पार दुधी दिसते. अम्मी म्हणाली, "होता तेवढाही उजेड घालवलास!" पुढचा प्रत्येक पेपर आधीच्या उलट दिशेने चालवायचा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते कळते. दोन्ही दिव्यांना दोन तास लागले.

बहुतेक लोक इथे कंपाउंडने चमकवून थांबतात आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा पिवळे झाले म्हणून कुरकुरतात. घासताना उरलासुरला थरही आपण काढलेला असतो, तो परत द्यायलाच हवा. आम्ही कंपाउंड लावलेच नाही, कारण तेलकटपणा राहिला तर लॅकर धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सुकवून, अतिनील किरणांना रोखणाऱ्या पारदर्शक लॅकरचे तीन पातळ हात स्प्रेने दिले, मध्ये दहा-दहा मिनिटे सोडून. लॅकर ओला असतानाच काच लखलखीत दिसू लागली. गाडी दिवसभर सावलीत ठेवली. हे काम कोरड्या हवेत करावे, आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात लॅकर पांढरा पडतो. हार्डनर मिसळायचा टू-के लॅकर जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुफ्फुसांना फार वाईट. साधा कापडी मास्क तिथे पुरत नाही, तो पेंटरकडूनच मारून घ्या.

दुसऱ्या दिवशी इशानंतर अब्बांनी गाडी गडग्यासमोर आणून दिवे लावले. चिऱ्यांच्या फटी मोजता येत होत्या. ते थोडा वेळ बघत राहिले, मग "फुफूकडे जाऊन येतो" म्हणाले आणि निघालेसुद्धा. घाट मात्र ते रात्री टाळतात, स्वतःहून. मी भाईजानला फोन करून सगळे सांगितले. अब्बांची माफी आधी त्याने मागायची की मी, यावर आमचे अजून ठरलेले नाही.