हलक्या जमिनीतली बाजरी

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातील डही हा नर्मदेलगतचा डोंगराळ, आदिवासीबहुल भाग. उतारावरच्या हलक्या, उथळ जमिनीत ओल टिकत नाही आणि सेंद्रिय कर्बही कमी असतो. म्हणून अशा ठिकाणी बाजरीचे उत्पादन वाढवायचे, तर आधी माती सुधारायला हवी. उताराला आडवी पेरणी आणि सरी-वरंबे पावसाचे पाणी मुरवतात; शेणखत ओलावा धरून ठेवते. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतल्यास तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातील अशाच हलक्या, वाळूमय शेतांत ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने चिमूटभर खत थेट रोपाच्या बुडाशी देण्याची पद्धत रुजवली आणि थोड्या खर्चात उत्पादन वाढले. कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारे हे उपाय कृषी विभागाने बांधापर्यंत पोहोचवलेच पाहिजेत.