आमंत्रण दोघांनाही हवं

दरवर्षी २१ सप्टेंबरच्या, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनाच्या आसपास, गावोगावी स्मृतिभ्रंशावर व्याख्यानं होतात. डॉक्टर मेंदूची चित्रं दाखवतात, विसरणं कुठवर वयाचं आणि कुठून आजाराचं ते समजावतात, श्रोते वहीत टिपून घेतात. या व्याख्यानांचा उपयोग आहेच. पण ज्यांना हा आजार झाला आहे ती माणसं तिथे बहुधा नसतात. त्यांना सांभाळणारेही नसतात, कारण घरी कुणाला तरी थांबावंच लागतं.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १५ सप्टेंबर १९९७ रोजी ही कोंडी फोडण्याचा एक साधा प्रयत्न झाला. बेर मीसेन हे वृद्धांसाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ. घरात स्मृतिभ्रंश शिरला की नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी त्याविषयी बोलायचं टाळतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी रुग्ण, घरचे आणि जाणकार यांना एकाच ठिकाणी, एकाच वेळी बोलावलं. आधी कॉफी आणि गप्पा, मग अर्धा तास एखाद्या विषयावर मुलाखत किंवा माहिती, मध्यंतरात संगीत, नंतर प्रश्नोत्तरं आणि पुन्हा गप्पा. ‘अल्झायमर कॅफे’ नावाचा हा मासिक मेळावा आज त्या छोट्याशा देशात दोनशेहून अधिक ठिकाणी भरतो. २००० साली तो ब्रिटनमध्ये पोचला. जपानने २०१२ च्या ‘ऑरेंज प्लॅन’मध्ये अशा कॅफेंना थेट सरकारी धोरणात जागा दिली आणि तिथे त्यांची संख्या हजारांत गेली.

हे सारं परदेशातलं, आपल्याकडे कसं जमणार, असं कुणी म्हणेल. त्यांनी पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे पाहावं. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात, सांभाळणाऱ्याला शुभंकर. दोघंही सभांना येतात, सहलींना जातात आणि जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या मेळाव्यात दोघांचाही वाटा असतो. हृषीकेश पवार यांच्या नृत्यवर्गात तर पुण्यातले पार्किन्सन्सचे शुभार्थी नाचतात. हाताला कंप सुटलेला माणूस चारचौघांत कसा जाईल, हा संकोच या मंडळींनी केव्हाच मागे टाकला आहे.

मग स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत असं मंडळ गावोगावी का उभं राहत नाही? पार्किन्सन्सचा रुग्ण पुष्कळ वर्षं स्वतः फोन करू शकतो, सभेची आखणी करू शकतो, हिशेब ठेवू शकतो. स्मृतिभ्रंशात नेमकी तीच शक्ती आधी जाते. आणि सांभाळणाऱ्याकडे दिवसातला मोकळा तास उरत नाही. ज्यांना या मेळाव्याची गरज सर्वांत जास्त, त्या दोघांकडूनही तो उभा राहणं जवळपास अशक्य आहे. तो दुसऱ्या कुणीतरी भरवायला हवा, आणि महाराष्ट्रात हे काम ज्येष्ठ नागरिक संघांनी अंगावर घ्यावं.

संघांकडे आज हॉल आहे, सभासद आहेत, वाढदिवस आणि कोजागरी साजरी करण्याचा दांडगा अनुभव आहे. फेस्कॉम या राज्य महासंघाशी हजारो संघ जोडलेले आहेत. पण याच संघांत एक गोष्ट न बोलता घडत असते. एखादे काका तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागतात, पत्त्यांच्या डावात चुकू लागतात, वर्गणी भरली की नाही यावरून चिडतात. नाव यादीतून कुणी काढत नाही, फक्त सहलीच्या वेळी त्यांना फोन जात नाही. नातेवाइकांकडेही तेच. लग्नाला या, पण त्यांना आणू नका, त्यांनाच त्रास होईल, असं काळजीच्या सुरात सांगितलं जातं. त्यांच्यामागे घरात अडकते ती बहुतेक वेळा पत्नी, सून किंवा लेक. “आई आता कुठे नेण्यासारख्या राहिल्या नाहीत,” असं ती म्हणते, तेव्हा तिचंही कुठे जाणं थांबलेलं असतं.

ही चार-दोन घरांची गोष्ट नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळलं. कोथरूड-दादरच्या फ्लॅटइतकाच हा वाडीवस्तीवरचाही प्रश्न आहे.

एक आक्षेप हमखास येतो: त्यांना नेऊन काय उपयोग, संध्याकाळपर्यंत लक्षातही राहणार नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हाच प्रश्न तपासला. त्यांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना चित्रफितीतलं फारसं काही आठवेना, पण मनात उमटलेलं दुःख किंवा आनंद अर्धा तास उलटला तरी पुरता ओसरला नव्हता. प्रसंग विसरला गेला, त्याने दिलेली भावना उरली. कुणी हसून हात हातात घेतला काय आणि कुणी खेकसलं काय, दोन्हीची खूण मागे राहते. तेव्हा आठवत नाही म्हणून नेऊ नये, हा युक्तिवाद टिकत नाही.

गाण्याच्या बाबतीत तर हे डोळ्यांसमोर दिसतं. आज ऐंशीच्या घरात असलेल्या मराठी माणसाने १९५५ साली आकाशवाणी पुणे केंद्रावरून सुरू झालेलं गीतरामायण दहाव्या वर्षाच्या आसपास ऐकलेलं असतं. नातवाचं नाव न आठवणारी आजी त्या वयातलं गाणं लागलं की शब्द न चुकता म्हणू लागते. शेजारी बसलेल्या सुनेला सासूबाईंचा हा चेहरा कित्येक महिन्यांत दिसलेला नसतो.

अशा मेळाव्याच्या दोन तासांतला अर्धा तास मात्र सांभाळणाऱ्यांना वेगळा मिळायला हवा. तेवढा वेळ स्वयंसेवकांनी शुभार्थींबरोबर बसून शेंगा सोलाव्यात, गाणी म्हणावीत. आंघोळीला नकार दिला तर काय करायचं, स्वतःच्याच घरात बसून “मला घरी जायचंय” म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, इच्छापत्र आणि बँकेची कामं वेळेत कशी उरकायची, हे ज्यांनी सोसलंय तेच नीट सांगू शकतात. मेरी मिटेलमन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये रुग्णांच्या ४०६ जोडीदारांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जोडीदारांना समुपदेशन, सोबत आधारगट आणि अडीअडचणीला सल्ला मिळाला, त्यांच्या माणसाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवस लांबली. गप्पांनी आजार थांबत नाही, हे खरंच. सांभाळणारा मात्र तग धरतो, आणि रुग्णाचं सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं.

तयारी फार मोठी नाही, पण ती नेमकी हवी. वेळ सकाळी अकराची, कारण दिवेलागणीला अनेक रुग्ण बेचैन होतात. तळमजला, जवळ स्वच्छतागृह, लाउडस्पीकर अजिबात नको. नावाचे बिल्ले सगळ्यांच्याच छातीवर, म्हणजे रुग्ण कोण हे वेगळं कळणार नाही. दाराशी एक माणूस, कुणी नकळत बाहेर पडू नये म्हणून. चहा-पोहे. महापालिकांची विरंगुळा केंद्रं जागा देऊ शकतात, समाजकार्य आणि नर्सिंग महाविद्यालयांचे विद्यार्थी मदतीला येऊ शकतात. त्यांना तज्ज्ञ बनवायची गरज नाही. जपानने २००५ पासून सामान्य नागरिकांना साधारण दीड तासाचं प्रशिक्षण दिलं आणि एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतलं. त्यात दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुलंही होती.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान हत्तीमागे चालत हरवतात. त्यांना सांभाळते माहुताची बायको. आजाराचं नावही ठाऊक नसलेल्या या बाईच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समोरच्याला लहान मुलासारखं भरवण्याइतकी माया आणि त्याच्या वागण्याची लाज न वाटणं, एवढीच तिची पात्रता होती.

आजार शेवटच्या टप्प्यात गेला की शुभार्थी येऊ शकणार नाही. तेव्हा शुभंकराने एकट्याने यावं, आणि माणूस गेल्यावरही येत राहावं. लायडनच्या पद्धतीत अशा माजी सांभाळणाऱ्यांनाही मानाची जागा आहे. त्यांच्याकडे आठ-दहा वर्षांचं ज्ञान असतं आणि पहिल्यांदाच थोडा वेळही असतो. प्रत्येक संघाच्या सभासदांत असे दोघे-तिघे सापडतीलच. मेळाव्याचं निमंत्रकपद आधी त्यांना विचारावं.